फॅटी लिव्हर घराण्यातून येते का? एका शोधाचा इतिहास

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे लिहिलेले दिसले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, “डॉक्टर, मी दारूला हातसुद्धा लावत नाही, मग लिव्हर कसे बिघडले?” आणि दुसरा, “वडिलांना शुगर होती, काकांच्या पोटात पाणी झाले होते. हे आमच्या घराण्यातच आहे. मग पथ्य पाळून काय फायदा?”

नांदेड असो की लातूर, हे दोन प्रश्न तुमच्याही मनात आले असतील. पहिल्या प्रश्नामागे अपमान असतो, दुसऱ्यामागे हताशपणा. दोन्हींची उत्तरे शोधायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली. तो इतिहास समजून घेतला, तर तुमच्या रिपोर्टचा अर्थ नीट कळेल. आणि ‘घराण्यात आहे’ या शब्दांची भीतीही कमी होईल.

दारूचा शिक्का

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८३६ मध्ये यकृतात चरबी साचण्याचे वर्णन केले आणि त्याचा संबंध अति मद्यपानाशी जोडला. निरीक्षण बरोबरच होते. दारूमुळे यकृतात चरबी साचते, हे आजही खरे आहे. पण पुढे असा समज पक्का झाला की लिव्हरमध्ये चरबी दिसली म्हणजे माणूस पितोच. ‘मी पीत नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णावर विश्वास बसत नसे.

हा समज मोडला १९८० मध्ये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे पॅथॉलॉजिस्ट युर्गन लुडविग यांनी २० रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. चित्र हुबेहूब दारूमुळे खराब झालेल्या यकृतासारखे होते, पण हे रुग्ण दारू पिणारे नव्हते. बरेच जण स्थूल होते, अनेकांना मधुमेहासारखे आजार होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. या आजाराला तोपर्यंत नावच नव्हते. लुडविग यांनी ‘नॉन-अल्कोहोलिक स्टिॲटोहेपॅटायटिस’ असे नाव दिले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी हे नाव बदलून चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेले नवे नाव घेतले. त्यामुळे काही रिपोर्टवर आता ‘एमएएसएलडी’ अशी अक्षरे दिसतील. घाबरू नका, हा वेगळा आजार नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: दारू न पिताही फॅटी लिव्हर होते आणि ते खूप जणांना होते. घरातल्या कोणाच्या रिपोर्टवर हे शब्द आले, तर त्याच्याकडे संशयाने पाहू नका.

पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळे

लुडविग यांचे बरेच रुग्ण स्थूल होते. आपल्याकडे मात्र किडकिडीत दिसणाऱ्या माणसालाही शुगर आणि फॅटी लिव्हर निघते. असे का? या प्रश्नावरचे महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गर्भधारणेच्या आधीपासून आईचा आहार, तिचे वजन, तिचे कष्ट यांची नोंद घेतली आणि पुढे जन्मलेल्या बाळांची मोजमापे घेतली. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तिकडची सुमारे ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटही लहान होते. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाहेरून हडकुळे आणि आतून चरबी राखलेले असे हे बाळ होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ हे नाव मिळाले.

पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

२०१० मध्ये पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील १,९११ लोकांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्यापैकी ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर होते आणि अशा लोकांपैकी तीन-चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता. म्हणजे ‘मी जाड नाही’ हे फॅटी लिव्हर नसल्याचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

हे वाचताना मराठवाड्यातील वाचकाला ७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या काळात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या, सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढणाऱ्या आयांच्या पोटी जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. पोटात असताना उपासमार सोसलेल्या शरीराला पुढे भरपूर खाणे आणि बैठे काम मिळाले, तर मधुमेहाचा धोका वाढतो, असे जगभरातील अनेक अभ्यासांतून दिसले आहे. घराण्यातून जनुके येतात, तशीच आईच्या पोटातली परिस्थितीही येते. दोन्ही वारसेच आहेत.

लिव्हर निरोप कसा ऐकते?

आता जनुकांकडे वळू. त्यासाठी आधी लिव्हरचे काम थोडे समजून घ्या.

तुम्ही जेवता, रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन हा एक निरोप आहे. लिव्हरच्या पेशीच्या दारावर एक कडी असते, तिला रिसेप्टर म्हणतात. इन्सुलिनने कडी वाजवली की पेशीच्या आत निरोप्यांची साखळी सुरू होते: एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी लिव्हरला मुख्यतः दोन आदेश मिळतात. पहिला: ‘आता साखर बनवून रक्तात सोडणे थांबव.’ दुसरा: ‘जास्तीच्या साखरेची चरबी बनवून साठव.’ पेशीतल्या या निरोपांच्या व्यवस्थेलाच शास्त्रज्ञ ‘सेल सिग्नलिंग’ म्हणतात.

ही साखळी जन्मतःच बिघडलेली असेल तर काय होते? इंग्लंडमधील केंब्रिजच्या संशोधकांना २००४ मध्ये एक कुटुंब सापडले. त्यांच्यातील मधुमेही सदस्यांत ‘एकेटी-२’ नावाच्या आतल्या निरोप्याच्याच जनुकात बिघाड होता. पुढे २००९ मध्ये अशा बिघाडाची तुलना दुसऱ्या एका दुर्मीळ बिघाडाशी करण्यात आली. त्या रुग्णांत दारावरची कडी, म्हणजे इन्सुलिनचा रिसेप्टरच खराब होता.

दोन्ही गटांत इन्सुलिनचे काम नीट होत नव्हते. पण आतला निरोप्या बिघडलेल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी होती आणि रक्तातही चरबी वाढलेली होती. ज्यांची कडीच खराब होती त्यांच्या लिव्हरमध्ये मात्र चरबी साचलेली नव्हती!

याचा अर्थ लक्षात घ्या. लिव्हर पूर्ण बहिरे झाले तर ‘साखर थांबव’ हेही ऐकू येत नाही आणि ‘चरबी साठव’ हेही नाही. फॅटी लिव्हर होते ते अर्धवट ऐकण्यामुळे. साखर थांबवण्याचा आदेश पोहोचत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडत राहते. तेवढ्यात चरबी साठवण्याचा आदेश मात्र पुन्हा पुन्हा पोहोचतो. नेहमीच्या मधुमेही रुग्णाच्या लिव्हरमध्येही बहुधा असेच अर्धवट ऐकणे चालू असते. तिथे त्याला जन्मजात दुर्मीळ बिघाड लागत नाही. पोटावरची चरबी, बैठे काम आणि सतत खाणे एवढे पुरते.

निरोपाची वाट एकच नसते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये एका इराणी कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या घरात कमी वयात हृदयविकाराचे झटके येत होते आणि ‘एलआरपी-६’ नावाच्या रिसेप्टरमध्ये बिघाड होता. तो इन्सुलिनचा नाही, ‘विंट’ नावाच्या दुसऱ्या निरोपाचा रिसेप्टर आहे. तोच बिघाड उंदरांत घडवल्यावर त्यांना फॅटी लिव्हर झाले. असे बिघाड अतिशय दुर्मीळ आहेत. तुमच्या घरात ते असण्याची शक्यता फार कमी. पण यंत्र कुठे अडते, हे या थोड्या कुटुंबांमुळे सगळ्या जगाला कळले.

२००८ : सर्वसामान्यांच्या जनुकांतला शोध

सर्वसामान्य माणसांच्या बाबतीतला मोठा शोध २००८ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात लागला. हेलन हॉब्ज, जोनाथन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन हजार रहिवाशांच्या लिव्हरमधील चरबी एका विशेष स्कॅनने मोजली आणि त्यांची जनुके तपासली. ‘पीएनपीएलए-३’ या जनुकातील एका अक्षराचा बदल चरबीशी ठळकपणे जोडलेला निघाला. या बदलामुळे तयार होणारे प्रथिन लिव्हरमधील चरबीच्या थेंबांवर चिकटून बसते. त्याचा वेळेवर निचरा होत नाही आणि चरबी हलवण्याचे काम अडून राहते. दिल्लीत झालेल्या अभ्यासात भारतीयांमध्येही हा संबंध आढळला.

२०१४ मध्ये ‘टीएम६एसएफ२’ हे आणखी एक जनुक पुढे आले. त्यातील बदलामुळे लिव्हरमधून चरबी रक्तात पाठवण्याचे काम मंदावते. म्हणून रक्तातील चरबीचा रिपोर्ट छान येतो आणि लिव्हरमध्ये मात्र साठा वाढतो. २०१८ मध्ये उलट उदाहरण सापडले. ‘एचएसडी१७बी१३’ या जनुकातील एक बदल लिव्हरला सिरॉसिसपासून काहीसे संरक्षण देतो. म्हणजे वारशात सगळे वाईटच येते असे नाही.

या इतिहासात एक सावधगिरीचा धडाही आहे. २०१० मध्ये ९५ निरोगी भारतीय पुरुषांच्या अभ्यासावरून ‘एपीओसी-३’ या जनुकाचा फॅटी लिव्हरशी जोरदार संबंध असल्याचे जाहीर झाले. बदल असलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना फॅटी लिव्हर होते, बदल नसलेल्यांत एकालाही नव्हते. बातमी मोठी झाली. पण नंतर हजारो लोकांवर तपासले तेव्हा हा संबंध टिकला नाही. म्हणून कोणी लाळेची जनुक तपासणी करून ‘तुमचे भविष्य’ सांगतो म्हणाला, तर हा प्रसंग आठवा.

जनुक तेच, भांडे वेगळे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: ‘घराण्यात आहे, मग उपाय काय?’ यावर महाराष्ट्राच्या इतिहासातच एक उत्तर आहे. आजार वेगळा, पण धडा तोच.

काही दशकांपूर्वी आपल्याकडे तान्ह्या आणि रांगत्या मुलांना एक भयंकर आजार होत असे. पोट फुगायचे, लिव्हर दगडासारखे कडक व्हायचे आणि बहुतेक मुले दगावायची. ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’ असे त्याचे नाव. एका घरात एक मूल गेले की दुसऱ्यालाही तेच व्हायचे. साहजिकच सगळे म्हणत, हा घराण्याचा दोष आहे.

पुण्याच्या केईएममधील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांचा अभ्यास केला. लिव्हरमध्ये तांब्याचा प्रचंड साठा होता. त्यांनी आजारी मुलांना काय आणि कशातून पाजले जात होते, याची तुलना निरोगी मुलांशी केली. तांबे येत होते घरातल्या पितळी आणि तांब्याच्या भांड्यांतून. त्यात तापवलेले, साठवलेले दूध बाळाला दिले जाई. १९८० च्या दशकातील या कामानंतर सल्ला साधा होता: बाळाचे दूध स्टीलच्या भांड्यात ठेवा. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

मग वारशाचा भाग खोटा होता का? ऑस्ट्रियातील टिरोल भागाने याचे उत्तर दिले. तिथे १९०० ते १९७४ या काळात असाच आजार होऊन १३८ मुले दगावली होती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तिथे आजार घराण्यांतून, आनुवंशिक पद्धतीनेच फिरत होता. पण तिथेही बाळाचे दूध तांब्याच्या भांड्यात शिजवले जात होते. भांडी बदलली आणि आजार संपला. त्या घराण्यांतली जनुके मात्र कुठेही गेली नव्हती.

फॅटी लिव्हरमध्येही हेच दिसते. हॉब्ज आणि कोहेन यांच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले की पीएनपीएलए-३ चा दोष सडपातळ माणसात थोडेच नुकसान करतो, पण वजन वाढत जाते तसा त्याचा परिणाम कितीतरी पटींनी वाढतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०११ मध्ये फिनलंडमध्ये थोड्या लोकांवर सहा दिवसांच्या कमी उष्मांकाच्या आहाराचा प्रयोग झाला. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्यांची लिव्हरमधील चरबी सरासरी ४५ टक्क्यांनी उतरली. दोष नसलेल्यांची १८ टक्क्यांनीच. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या मोठ्या अभ्यासातही आहार आणि व्यायामाचा जास्त फायदा दोष असलेल्यांनाच झाला.

म्हणून ‘घराण्यात आहे, पथ्याचा काय फायदा’ हे वाक्य उलटे वाचा. घराण्यात असेल तर पथ्याचा फायदा तुम्हालाच जास्त होण्याची शक्यता आहे.

तुम्ही काय करायचे?

आपले ‘भांडे’ बदलायचे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो.

कंबर मोजा. टेलरच्या टेपने, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे. बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हा, २५ ची वाट पाहू नका.

वजन हळूहळू उतरवा. वजन ५ टक्क्यांनी कमी झाले की लिव्हरमधील चरबी उतरू लागते, ७ ते १० टक्के कमी झाले की सूज ओसरते. ८० किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे फक्त ४ किलो. सडपातळ माणसाला ३ ते ५ टक्क्यांतही फायदा दिसतो.

ताटात ज्वारीची भाकरी, वरण आणि पालेभाजी राहू द्या, पण भाकरी मोजून खा. दिवसभरातले गोड चहा मोजा, कोल्ड्रिंक बंद करा. पाकीटबंद फरसाण आणि बेकरीचे पदार्थ घरात भरून ठेवू नका. रोज अर्धा तास भरभर चाला. लातूरला शिकवणीसाठी दिवसभर बाकावर बसणाऱ्या मुलांच्या पालकांनी मुलांनाही रोज थोडे पळू-खेळू द्यावे.

दारू पूर्ण बंद ठेवा. पीएनपीएलए-३ चा दोष असणाऱ्यांना दारूमुळे सिरॉसिस होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि आपल्यात तो दोष आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

जनुक तपासणीची बहुतेक रुग्णांना गरज नाही. तिचा रिपोर्ट काहीही आला तरी आजचा सल्ला हाच राहतो. त्यापेक्षा एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या साध्या तपासण्या करा. त्यांच्यावरून आणि तुमच्या वयावरून डॉक्टर ‘फिब-४’ हा आकडा काढतात. लिव्हर कडक होऊ लागल्याची शंका घ्यावी का, याचा प्राथमिक अंदाज त्यावरून येतो. ग्रेड १ की ग्रेड २ यापेक्षा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. २०२१ पासून केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. आशाताई तिशीपुढच्या लोकांची माहिती भरून घेतात, तेव्हा कंबरेचे माप टाळू नका. पुढील तपासण्यांसाठी नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

शेवटची गोष्ट कुटुंबाची. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील अभ्यासात असे दिसले की फॅटी लिव्हरमुळे सिरॉसिस झालेल्या रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुलांमध्ये लिव्हर कडक होण्याचा धोका इतरांच्या सुमारे १२ पट होता. तेव्हा एक कागद घ्या आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहा: कोणाला शुगर होती, कोणाच्या पोटात पाणी झाले, कोणाला रक्ताची उलटी झाली, कोणत्या वयात. दारू कधीच न घेतलेल्या एखाद्या आजीचे किंवा काकांचे नाव त्या यादीत निघाले, तर ते ठळक लिहा. तो कागद पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. आणि त्या यादीतल्या माणसांच्या मुला-नातवंडांनाही एकदा कंबर मोजून, रक्त तपासून घ्यायला सांगा.